परतीचे सहा आठवडे: बडोद्यातल्या एका घरातून पाहिलेलं प्रकरण

मी बडोद्यात एका बँकेच्या परकीय चलन विभागात काम केलं आणि तिथूनच निवृत्त झाले. परदेशी निघालेली तरुण मुलं काउंटरवर रोज यायची, आणि तिकडे अडकलेल्यांचे फोनही यायचे. हे फोन बहुतेक सफरीच्या शेवटच्या महिन्या-दीड महिन्यातले असायचे. कार्डावरचे पैसे संपले, विम्याची मुदत टळली, व्हिसाचे दिवस मोजण्यात घोळ झाला. निघण्याची तयारी सगळे मन लावून करतात. परतीची तयारी म्हणजे विमानाचं तिकीट, एवढंच धरलं जातं. हे प्रकरण माझ्या भाचीचं आहे. तिला विचारून लिहिते आहे, नाव मात्र देत नाही. तारखा आणि रकमा मुद्दाम दिल्या आहेत, कारण असे निर्णय तिथेच अडतात.

मुलगी आणि तिची सफर

भाची तेव्हा सत्तावीस वर्षांची. इथल्याच फाइन आर्ट्समध्ये शिल्पकला शिकली, पण रमली मातीकामात. नंतर मोरबीला एका टाइल कारखान्यात डिझाइन करत होती. पगार चांगला, पण दिवसभर संगणकावर संगमरवराच्या रेषा काढायच्या आणि मातीला हात लागायचा नाही, याचा तिला कंटाळा आला. पैसे साठवले, राजीनामा दिला आणि २० सप्टेंबर २०२४ला अहमदाबादहून क्वालालंपूरला गेली. परतीचं तिकीट त्याच वेळी काढलं होतं: ८ एप्रिल २०२५, बँकॉक ते अहमदाबाद, पैसे परत न मिळणारं.

पहिले पाच महिने उत्तम गेले, त्यावर फार लिहीत नाही. मलेशियात तेव्हा भारतीयांना ३० दिवस व्हिसा लागत नव्हता. इंडोनेशियात विमानतळावर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा तिने एकदा वाढवून घेतला. दक्षिण थायलंडला जुलै २०२४पासून आपल्याला ६० दिवस व्हिसामाफी होती. मग कंबोडिया, आणि जानेवारीच्या शेवटी, व्हिएतनामी नववर्षाच्या सुट्टीत, सायगाव. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांचा असतो. तिने एकाच प्रवेशाचा, २५ डॉलरचा घेतला होता. ही 'एकाच प्रवेशाची' अट पुढे महत्त्वाची ठरली.

फेब्रुवारीच्या शेवटी

२४ फेब्रुवारीला तिचा फोन आला तो मध्य व्हिएतनाममधल्या होई आन या गावाहून. चार दिवस ताप होता, अंग मोडून आलं होतं. शहाणपणा हा केला, की डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय काही घेतलं नाही. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनने डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे तिला ठाऊक होतं. तपासणीत डेंग्यू निघाला नाही. दवाखान्याचे साधारण पाच हजार रुपये झाले.

ताप उतरला होता, पण आवाज बरा नव्हता. ती म्हणाली, "मावशी, मला आता नवीन गावात उतरलं की रडू येतं गं. बसमधून उतरायचं, खोली शोधायची, सॅक सोडायची, परत भरायची. आणि अजून केवढं राहिलंय!"

काय राहिलंय ते तिने वाचून दाखवलं. हनोई, निन्ह बिन्ह, 'हा जांग'चा डोंगरी रस्ता मोटरसायकलने, सापा, तिथून लाओस, लुआंग प्रबांग, चीनपर्यंत जाणारी नवी रेल्वे, मेकाँगवरची दोन दिवसांची संथ बोट, मग उत्तर थायलंडमधलं च्यांग माय, 'पाय' नावाचं गाव आणि शेवटी बँकॉक. सहा आठवडे.

या यादीत चूक काहीच नव्हती. एकेक जागा पाहण्यासारखीच आहे. पण ती यादी सप्टेंबरात बडोद्याला बसून केलेली होती, आणि ती करणाऱ्या मुलीने तोवर एकही रात्र अनोळखी देशात काढली नव्हती. फेब्रुवारीतली मुलगी वेगळी होती. तिला काय हवंय हे त्या यादीला कळणं शक्य नव्हतं.

इकडे माझी धाकटी बहीण, म्हणजे तिची आई, वेगळंच धरून बसली होती. ३० मार्चला गुढीपाडवा. "ताई, तुझं ऐकते ती. पाडव्याला घरी ये म्हणून सांग. आजारी पडली, बास झालं आता." मेहुण्यांचं म्हणणं, तिकीट आहे त्या दिवशीच यावं, पैसे का बुडवायचे? घरात दोन आठवडे हाच विषय चालला होता.

मागून मोजलेल्या तारखा

मी तिला म्हटलं, कुठे जायचं ते आता ठरवूच नकोस. आधी ८ एप्रिलपासून मागे मोजत येऊ. काय हलू शकतं आणि काय हलू शकत नाही, एवढंच पाहू. फोनवर तास-दीड तास बसलो आणि एका कागदावर सगळं उतरलं.

पहिली गोष्ट विमा. तिची पॉलिसी एका सफरीला १८० दिवसांची होती. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास-विम्यांत हीच मर्यादा असते. २० सप्टेंबरपासून मोजलं तर १८०वा दिवस १८ मार्चला येत होता. म्हणजे शेवटचे तीन आठवडे ती विम्याशिवाय फिरणार होती, आणि हे तिच्या, तिच्या आईवडिलांच्या, कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. मुदत वाढवता येते, पण अर्ज आधीची मुदत संपण्यापूर्वी जावा लागतो. सोबत तब्येतीचं स्वतःचं घोषणापत्र द्यावं लागतं आणि आधी दावा केला असेल तर तोही सांगावा लागतो. तिच्या पॉलिसीत पहिल्या १०० डॉलरचा खर्च स्वतःचाच होता, त्यामुळे होई आनच्या बिलाचा दावा करण्याचा प्रश्नच नव्हता. पण ताप येऊन गेल्याचं घोषणापत्रात लिहायला मी लावलं. लपवलेल्या चार ओळींवर पुढचा मोठा दावा नाकारला जातो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. विमा कंपनीकडून दोनदा ठरावीक उत्तर आलं, तिसऱ्यांदा माणूस बोलला. वाढीव मुदतीचा कागद १४ मार्चला हातात पडला. चार दिवस आधी.

दुसरी गोष्ट मोटरसायकल. 'हा जांग'चा रस्ता स्वतः गाडी चालवत करायचा, असं तिच्या मनात होतं. आपलं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९च्या जिनिव्हा करारातलं असतं आणि व्हिएतनाम १९६८च्या व्हिएन्ना करारातलं मानतं. म्हणजे भारतातून नेलेला तो परवाना तिथे ग्राह्य धरत नाहीत, आणि परवाना नसताना अपघात झाला तर विमाही हात वर करतो. तिथे गाडीमागे बसवून नेणारे चालक मिळतात, तो मार्ग होता. पण त्याला पैसे जास्त.

तिसरी गोष्ट धूर. ही मला स्वतःला सगळ्यात मोठी वाटली. उत्तर थायलंड आणि लाओसमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलाचा पालापाचोळा जाळतात. वारा पडलेला असतो, डोंगरांच्या खोलगटात धूर साचून राहतो. मार्चमध्ये च्यांग मायचं नाव जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांत दरवर्षी येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषाप्रमाणे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं, पीएम २.५चं, दिवसाचं प्रमाण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावं. तिकडे मार्चमध्ये ते याच्या कित्येक पटींनी वर जातं. भाचीला लहानपणी दमा होता. सूरसागर तळ्याच्या पाळीवर संध्याकाळी फिरायला नेलं तरी थंडीत तिला धाप लागायची, हे मी विसरलेले नाही. जी ठिकाणं तिने शेवटी, सफरीचा कळस म्हणून राखून ठेवली होती, ती नेमकी त्याच दिवसांत तिच्यासाठी सर्वांत वाईट होती. यात निष्काळजीपणा नव्हता. नकाशावर रस्ता आखला की ऋतू डोळ्यांआड होतो, एवढंच.

पैशांचं थोडक्यात सांगते. ९०,००० रुपये उरले होते. त्यातले ३०,००० मी बाजूला काढायला लावले: अचानक तिकीट काढावं लागलं किंवा दवाखान्यात आगाऊ भरावे लागले तर. उरले ६०,०००, म्हणजे दिवसाला चौदाशेच्या आसपास. एका जागी राहिलं तर व्हिएतनाममध्ये एवढ्यात व्यवस्थित भागतं. यादीप्रमाणे धावलं असतं तर लाओसमध्येच खडखडाट झाला असता. थायलंडमध्ये तर तेव्हा आपलं कार्ड एटीएममध्ये घातलं की दर वेळी २२० बाट निराळे कापायचे. तेव्हा थोडे थोडे काढत राहण्यात शहाणपणा नाही. आणि यंत्राने "रुपयांत वजा करू का?" असं विचारलं तर नाही म्हणायचं, तिथल्याच चलनात घ्यायचं, रुपयांचा तो दर नेहमी आपल्या तोट्याचा असतो.

व्हिसाची बाजू मात्र भक्कम निघाली. ९० दिवस एप्रिलच्या अखेरीपर्यंत पुरत होते, अट एवढीच की देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. लाओसला एकदा गेली की तो व्हिसा संपला.

कागद पुरा झाल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे इथेच थांबायचं?" मी म्हटलं, थांबायचंच असं नाही. पण थांबता येईल, आणि थांबायची सगळी सोय आहे. कशासाठी थांबायचं ते तू सांग.

उलटा प्रवास

दोन दिवसांनी तिचा संदेश आला. होई आनजवळ 'मी सन' म्हणून एक जागा आहे, तिथे चाम या तिथल्या जुन्या लोकांच्या राजांची शिवमंदिरं आहेत. विटांची, सांध्यात चुना दिसत नाही अशी. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे बरंच काम केलं आहे, आणि २०२० साली काम चालू असताना एक अखंड दगडाचं शिवलिंगही सापडलं. ती बघून ती दा नांगच्या चाम शिल्पांच्या संग्रहालयात गेली. तिथे तिने चाम कुंभारणींबद्दल वाचलं. त्यांचं गाव बाउ त्रुक, फान रांग शहराजवळ. सायगावहून वर येताना ती त्याच रस्त्याने पुढे निघून आली होती. आता मागे जायचं होतं, आगगाडीने सहाशे किलोमीटरच्या वर.

"सगळे उत्तरेला चाललेत आणि मी उलटी," ती म्हणाली. तिच्याबरोबरच्या पोरांना ते वेडेपणाचं वाटलं. परत थोडीच येणार आहेस इकडे, लाओस सोडायचा नाही, असं ती पोरं तिला सांगत होती. हा विचार मला पटत नाही. अहमदाबादहून बँकॉक चार-साडेचार तासांवर आहे. 'परत थोडीच येणार' ही भीती वयाने साठी ओलांडलेल्यांनी बाळगावी. सत्तावीसच्या मुलीने तिच्यापायी आजारी अंगाने धुरात जाऊ नये.

४ मार्चला ती रात्रीच्या गाडीने निघाली आणि सकाळी थाप चाम स्टेशनवर उतरली. व्हिएतनाममधला हा सर्वांत कोरडा भाग. शेळ्या, द्राक्षाचे मांडव, मिठागरं आणि सतत वारा. तेव्हा तो निन्ह थुआन प्रांत होता. जुलै २०२५पासून खान्ह होआमध्ये विलीन झाला आहे. फान रांगला तिने महिन्याच्या बोलीने खोली घेतली. दिवसाचे अडीच लाख डोंग, म्हणजे साडेआठशे रुपयांच्या आसपास. रोज सकाळी बसने बाउ त्रुकला जायची. एका कुंभारणीशी फोनवरच्या भाषांतराने बोलणी झाली: दिवसाचे एवढे पैसे, दुपारी जेवण त्यांच्याकडे, आणि काम करू देतील.

तिथे चाक नाही. गुडघ्याच्या उंचीच्या बैठकीवर मातीचा गोळा ठेवतात आणि बाई स्वतः त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरते. भांडं जागचं हलत नाही. एक हात आत, एक बाहेर, भिंत वर चढत जाते. मग बोटांना ओलं फडकं गुंडाळून परत तसंच फिरत काठ गुळगुळीत करतात, आणि थोडं सुकल्यावर बांबूच्या कडीने बाहेरून खरवडतात. माती नदीकाठच्या शेतातली, बारीक वाळू मिसळलेली. भट्टीही नाही. उघड्यावर लाकडं रचून, त्यावर मडकी, वर पेंढा, आणि पेटवून द्यायचं. तापलेल्या मडक्यांवर वनस्पतींच्या रंगाचं पाणी शिंपडतात, त्याने तांबूस अंगावर काळपट डाग उमटतात. २०२२मध्ये युनेस्कोने ही कला तातडीने जपायच्या वारशांत घेतली, कारण शिकणाऱ्या मुली कमी होत चालल्या आहेत. हे काम आईकडून मुलीकडे जातं. आपल्याकडे कुंभाराच्या घरातली बाई माती तुडवते, मळते, रंगवते, पण पुष्कळ ठिकाणी चाकाला हात लावत नाही. तिथे सगळं बाईच्याच हातात.

पहिल्या आठवड्यात भाचीचं एकही भांडं नीट झालं नाही. तिचं पाऊल उजवीकडे जड पडायचं आणि भिंत त्या बाजूला जाड व्हायची. कुंभारणीने तिच्या मडक्याकडे न पाहता तिच्या पायांकडे बघून मान हलवली, आणि दोन दिवस नुसतं मातीशिवाय बैठकीभोवती फिरायला लावलं. हे ऐकताना मला जाणवलं की फोनवर तिचा आवाज मोकळा झाला आहे. कंबर दुखते म्हणाली, पण ती तक्रार वाटली नाही.

आम्हा बडोदेकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६मध्ये अमेरिकेतली वाचनालयं पाहिली आणि १९१०मध्ये विल्यम बॉर्डन यांना तिथून इथे आणून ग्रंथालयांचं काम उभं केलं. पाहिलेल्यातलं एक काहीतरी घरी लावायचं, ही या गावाची जुनी रीत आहे.

घरची बाजू

बहिणीला पाडव्याचं समजावणं मला मातीपेक्षा जड गेलं. तिला भीती कशाची होती ते हळूहळू बाहेर आलं. मुलगी आजारी पडेल ही एक, आणि ती परत येऊन पुन्हा कुठे निघून जाईल ही त्याहून मोठी. यावर वाद घालून काही होत नाही. मी तिला एक काम दिलं. नव्या वेळापत्रकाचा कागद तिच्याकडे ठेवला: भाची कोणत्या तारखेला कुठे, खोलीचा पत्ता, विम्याचा नंबर, हनोईतल्या आपल्या दूतावासाचा फोन. कुणी नातेवाईक विचारेल तर उत्तर तिनेच द्यायचं, आणि मुलीला दिवसातून एकदाच फोन, संध्याकाळी सात वाजता. आधी दिवसाला पाच-सहा व्हायचे, आणि प्रत्येकात "जेवलीस का?"पासून सुरुवात.

२८ मार्चला, पाडव्याच्या दोन दिवस आधी, म्यानमारमध्ये मंडालेजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. आपल्याकडे दुपारचे बारा वाजायला आले होते. तासाभरात टीव्हीवर बँकॉकमधली बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळताना दिसू लागली. च्यांग मायलाही धक्के बसले होते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी फोनवर फोन. सगळ्यांना एवढंच आठवत होतं की मुलगी थायलंडकडे आहे. बहीण प्रत्येकाला कागद हातात धरून सांगत होती, "नाही, ती तिथे नाही. फान रांगला आहे, व्हिएतनामच्या दक्षिणेला. काल संध्याकाळीच बोलले." जुन्या यादीप्रमाणे त्या तारखेला भाची च्यांग मायला असती. त्यावरून निर्णय बरोबर ठरला असं मी म्हणत नाही. भूकंप कुणाच्या हिशेबात नसतो, आणि तिथे असलेली बहुतेक माणसं सुखरूपच होती. पण त्या दुपारी माझी बहीण रडत बसली नाही, इतरांना धीर देत होती, हे त्या कागदामुळे झालं, हे मी खात्रीने सांगते.

पाडव्याला भाचीने तिथे कुंभारणीच्या अंगणात बांबूला तिचीच ओढणी आणि वर उलटं मडकं लावून गुढी उभारली. व्हिडिओ कॉलवर बहिणीने आरती म्हटली.

शेवटचे दिवस आणि पुढे

५ एप्रिलला सायगावहून बँकॉक. सायगावचं आणि अहमदाबादचं अशी दोन वेगळी तिकिटं असली की पहिल्या विमानाला उशीर झाल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, म्हणून मध्ये तीन रात्री ठेवल्या. भूकंपानंतर विमानतळ त्याच दिवशी परत सुरू झाला होता. आता जे जातील त्यांनी लक्षात ठेवावं, १ मे २०२५पासून थायलंडला उतरण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-कार्ड भरावं लागतं. उरलेले डोंग तिने सायगावलाच मोडून घेतले; बडोद्यात ते कुणी सहज घेत नाही. डॉलर थोडे शिल्लक होते. २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवायला हरकत नसते, त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत द्यावे लागतात. तिच्याकडे तेवढे नव्हतेच. बाजूला काढलेल्या तीस हजारांना हात लागला नाही. साऱ्या सफरीत तिने परदेशी पाठवलेली रक्कम तेव्हाच्या सात लाखांच्या मर्यादेत राहिली, त्यामुळे टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो करही, कापला गेला नाही. (एप्रिल २०२५पासून ती मर्यादा दहा लाख आहे.)

आल्यावर पहिले पंधरा दिवस तिने कुणालाही भेटायला नकार दिला, आणि आम्ही तो मानला. मग ती छोटा उदेपूरकडे जायला लागली. तिथे राठवा लोक देवस्थानांना मातीचे घोडे वाहतात आणि ते घडवणारी घरं अजून आहेत. मोरबीला परत गेली नाही. पगाराच्या मानाने हे नुकसान आहे आणि मेहुणे ते अधूनमधून बोलून दाखवतात. त्यांची काळजी खोटी नाही. सोसायटीच्या गच्चीवर पेंढ्याची आग लावू देणार नाहीत, म्हणून वाघोडिया रस्त्याकडे ओळखीच्यांच्या शेतात तिने जागा मागून घेतली आहे. पहिल्या खेपेत निम्मी मडकी तडकली. माती इथली, वाळूचं प्रमाण तिथलं, ते जुळायला वेळ लागणार.

लाओस राहिलाच आहे. येत्या जानेवारीत, धूर सुरू व्हायच्या आधी, फक्त पंधरा दिवस आणि फक्त लुआंग प्रबांग आणि मेकाँगवरची बोट, असं तिने ठरवलं आहे. बहीणही बरोबर जायचं म्हणते. तिचा पासपोर्ट कधीच बाद झाला होता, तो गेल्या आठवड्यात नव्याने काढायला दिला.